घराण्याविना परंपरा : परशुराम खुणे यांची नाट्यकारकीर्द आणि झाडीपट्टीतील नटाचे जीवन

प्रस्तावना

जपानच्या काबुकी रंगभूमीवर नटाचे नाव हे त्याच्या एकट्याचे नसते. ‘इचिकावा दांजूरो’ हे नाव सतराव्या शतकातील पहिल्या दांजूरोपासून चालत आलेले आहे. बारावे दांजूरो २०१३ मध्ये निवर्तले. त्यानंतर नऊ वर्षे हे नाव रिकामे होते आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये टोकियोच्या काबुकी-झा नाट्यगृहात त्यांच्या पुत्राने ते समारंभपूर्वक धारण केले. नावाबरोबर भूमिका येतात, भूमिकांबरोबर त्या वठविण्याच्या ठरलेल्या रीती येतात, आणि प्रेक्षकही नटाला त्याच्या घराण्याच्या नावाने हाक घालून दाद देतात. पारंपरिक नट म्हटला की अशा घराण्याचे चित्र अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते.

या नामधारण समारंभाला तीन महिने होण्याच्या आत, २५ जानेवारी २०२३ रोजी, भारत सरकारने जाहीर केलेल्या पद्म पुरस्कारांच्या यादीत गडचिरोली जिल्ह्यातील एका नटाचे नाव होते. कुरखेडा तालुक्यातील गुरनोली या गावचे परशुराम कोमाजी खुणे हे ते नट. झाडीपट्टी रंगभूमीवरील विनोदी नट म्हणून चार जिल्ह्यांत त्यांची ख्याती असून ‘विदर्भाचे दादा कोंडके’ या नावाने ते ओळखले जातात. त्यांच्यामागे घराण्याचे नाव नाही, भूमिकांचा वारसा नाही, नाट्यशिक्षणाची पदवी नाही. तरीही ज्या रंगभूमीवर ते वाढले ती शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे आणि तिला परंपरा म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. मग ही परंपरा वाहते कोण, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. खुणे यांच्या कारकिर्दीच्या आधारे त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

पाच हजार प्रयोगांचे गणित

पुरस्काराच्या वेळी खुणे यांच्या कार्याची जी माहिती प्रसिद्ध झाली तीत दोन आकडे ठळक होते : पाच हजारांहून अधिक नाट्यप्रयोग आणि सुमारे आठशे वेगवेगळ्या भूमिका. वृत्तपत्रांतून हे आकडे कौतुकाने छापले गेले आणि कौतुक संपताच विसरलेही गेले. वस्तुतः या दोन आकड्यांतच झाडीपट्टीच्या नटजीवनाचे सारे स्वरूप सामावलेले आहे.

पहिला आकडा घेऊ. झाडीपट्टीतील नाटकांचा हंगाम भाऊबीजेच्या सुमारास सुरू होतो आणि होळीच्या आसपास आटोपतो. म्हणजे सुमारे चार महिने, एकशे वीस रात्री. त्यांपैकी शंभर रात्री नट रंगमंचावर उभा राहिला असे धरले तरी पाच हजार प्रयोगांना पन्नास हंगाम लागतात. येथे विक्रमाची घाई दिसत नाही. एका शेतकऱ्याने आयुष्यभर जितके खरीप केले तितकेच जवळजवळ नाटकाचे हंगाम केले, असा या आकड्याचा अर्थ होतो. खुणे स्वतः शेतकरी आहेत, ही बाब त्यांच्या चरित्रातील किरकोळ तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

दुसरा आकडा अधिक बोलका आहे. पाच हजारांना आठशेंनी भागले असता एका भूमिकेच्या वाट्याला सरासरी सहा प्रयोग येतात. काही लोकप्रिय भूमिका शेकडो वेळा झाल्या असणार, तेव्हा उरलेल्या कित्येक भूमिका एकदोन रात्रींपुरत्याच जगल्या असतील हे उघड आहे. काबुकीमध्ये एका महिन्याचा कार्यक्रम साधारण पंचवीस दिवस चालतो, आणि नट तीच भूमिका पंचवीस दिवस करतो. तेथील सहा प्रयोग म्हणजे पुरता आठवडाही नव्हे! झाडीपट्टीत मात्र आज वडशाजवळच्या एका गावी सामाजिक नाटक, उद्या ब्रह्मपुरीकडे ऐतिहासिक, परवा तिसरेच काही, असा क्रम असतो. तालमींना वेळ अल्प, संवादांसाठी विंगेतील प्रॉम्प्टरचा आधार मोठा. शहरी समीक्षक या दोन गोष्टींवर नेमके बोट ठेवतात व झाडीपट्टीच्या अभिनयाला कच्चा ठरवून मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निवाडा घाईचा आहे. आठशे भूमिका ज्याला कराव्या लागतात तो नट प्रत्येक भूमिका घडवीत बसत नाही. कोणत्याही भूमिकेत तात्काळ शिरता यावे असे स्वतःलाच तो घडवितो. त्याचे पाठांतर संहितेचे नसते. प्रसंगांचे, स्वभावांचे आणि मुख्यतः प्रेक्षकांचे त्याला पाठांतर असते.

धानाचे वर्ष, नाटकाचे वर्ष

हा हंगाम भाऊबीजेलाच का सुरू होतो, याचे उत्तर पंचांगापेक्षा शेतात अधिक सापडते. गडचिरोली, चंद्रपूरचा पूर्व भाग, भंडारा आणि गोंदिया हा झाडीपट्टीचा मुलूख. जंगलांचा, मालगुजारी तलावांचा आणि धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणी होते. दिवाळीच्या सुमारास हलके धान हाती येऊ लागते, भारी धानाची कापणी व मळणी त्यानंतर होत राहते. हातात थोडा पैसा, घरात धान्य आणि अंगात बऱ्याच महिन्यांचा शीण, अशा अवस्थेत गावोगावच्या मंडया भरतात. मंडईच्या दिवशी दंडार, खडी गंमत यांसारखे लोकनाट्यप्रकार पूर्वापार होत आलेले आहेत. झाडीपट्टीच्या आजच्या रंगभूमीचे मूळ अभ्यासक दंडारीत शोधतात ते त्यामुळेच. पुढे होळी झाली की मोहफुले वेचण्याचे, मग तेंदूपत्त्याचे दिवस येतात आणि नाटकाला सवड उरत नाही.

मंडईप्रमाणेच शंकरपटालाही नाटक जोडलेले असते. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निर्णयाने शर्यतींवर बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या कायद्यांवर शिक्कामोर्तब केले. मधल्या सात वर्षांत पट थांबले, नाटके मात्र थांबली नाहीत. पटाच्या आश्रयाने आलेले नाटक पटावाचूनही उभे राहू शकते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

नाटक आणते ते गाव. गावातील तरुणांचे नाट्यमंडळ पुढाकार घेते, वडशाच्या म्हणजेच देसाईगंजच्या नाट्यकंपनीशी व्यवहार ठरविते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि काही उरलेच तर ते गावाच्या कामी लावते. पूर्वी गावचेच लोक पात्रे करीत, अगदी स्त्रियांची पात्रेदेखील पुरुषच करीत. नंतर स्त्रीपात्रांसाठी बाहेरून नट्या आणल्या जाऊ लागल्या आणि हळूहळू संपूर्ण संच कंपनीचा झाला. नाटकासाठी लेकीबाळी माहेरी येतात, सोयरेधायरे मुक्कामाला येतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकीही याच दिवसांत बोलल्या जातात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. (दुसऱ्या दिवशी पहिल्या तासिकेला वर्ग अर्धा रिकामा का असतो, हे या भागात अध्यापन करणाऱ्यांना सांगावयास नको.)

तेव्हा झाडीपट्टीत नट घडविणारी संस्था कोणती, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही घराण्याकडे बोट दाखवून देता येणार नाही. ती संस्था म्हणजे हंगाम. दरवर्षी ठरल्या वेळी नाटक मागणारे गाव असते म्हणून नट टिकतो. काबुकीत घराणे नटाला भूमिका देते. येथे धानाचे पीक नटाला प्रेक्षक मिळवून देते. या विधानाची एक कठोर बाजूही आहे. ज्या वर्षी हंगाम बुडतो त्या वर्षी नटाची परंपराही खंडित होते. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीने व पुढील निर्बंधांनी झाडीपट्टीचा हंगाम कोलमडला, तेव्हा याचा प्रत्यय आला. योगायोग असा की तेराव्या दांजूरोचा नामधारण समारंभही मुळात मे २०२० मध्येच व्हावयाचा होता आणि त्याच साथीमुळे तो अडीच वर्षे लांबला. परंतु तेथे नाव वाट पाहू शकले. हंगामी मानधनावर जगणारा झाडीपट्टीचा नट, वादक, पडदेवाला वाट पाहू शकत नव्हता. त्यांना शेतमजुरीकडे किंवा अन्य कामाकडे वळावे लागले.

विनोदी नटाची बोली

खुणे यांची कीर्ती विनोदी नटाची आहे आणि झाडीपट्टीत विनोदी नटाचे स्थान अन्यत्र असते त्याहून वेगळे आहे. येथील नाटकांत नायक, नायिका, खलनायक ही पात्रे सामान्यतः प्रमाण मराठी बोलतात, तीही बरीचशी अलंकृत. झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. या बोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. डोळ्याचा डोरा होतो. म्हणजे संपूर्ण रात्रीत प्रेक्षकांची स्वतःची भाषा रंगमंचावरून बोलणारा मनुष्य बहुधा एकच असतो आणि तो विनोदी नट. लोक त्याला हसतात हे खरे; पण त्याच्या तोंडून ते स्वतःलाही ऐकत असतात. ज्या बोलीला शाळेत अशुद्ध ठरविले गेले तिला हजारोंच्या समुदायापुढे ध्वनिक्षेपकावरून बोलण्याचा अधिकार मिळवून देण्याचे काम या नटांनी केले आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर आदी अभ्यासकांनी झाडीबोलीचा शास्त्रीय अभ्यास केला व तिच्या साहित्याची चळवळ उभी केली. तथापि बोलीची ही सार्वजनिक प्रतिष्ठा त्याआधीपासून रंगमंचावर रात्रोरात्र कमावली जात होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

खुणे यांच्या गाजलेल्या भूमिकांत ‘एकच प्याला’मधील तळीरामाचा उल्लेख होतो. ही भूमिका विस्ताराने पाहण्याजोगी आहे. राम गणेश गडकरी यांचे हे नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षाच्या जानेवारीत गडकरी नागपूरजवळ सावनेर येथे निधन पावले होते. आपल्या नाटकाचा प्रयोग त्यांना पाहता आला नाही. गडकऱ्यांचा तळीराम हा कोटीबाज शहरी कारकून. आर्यमदिरामंडळ काढून दारूचे तत्त्वज्ञान सांगणारा आणि शेवटी त्याच दारूने जाणारा. आता हा तळीराम गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या गावी उभा आहे अशी कल्पना करावी. या जिल्ह्यात लोकआंदोलनानंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. समोर बसलेल्यांत दारूबंदीसाठी झटलेल्या स्त्रिया आहेत, मोहाची दारू ठाऊक असलेले पुरुष आहेत, आणि कायदा असूनही दारू कोठून येते हे जाणणारे तर सगळेच आहेत. शंभर वर्षांपूर्वीची कोटी येथे जशीच्या तशी फेकून चालत नाही. तीच कोटी जिल्ह्याच्या सीमेशी, गावातल्या व्यवहाराशी जोडून घ्यावी लागते, आणि तीही अशा बेताने की स्त्रियांनी हसावे आणि पुरुषांनीही उठून जाऊ नये. तळीरामाचा मृत्यू येतो तेव्हा मघाशी हसवणाऱ्यानेच त्यांना गप्प करावयाचे असते. हे काम गडकऱ्यांची संहिता एकटी करू शकत नाही. ते नटाचे.

दादा कोंडके यांच्याशी खुणे यांची तुलना केली जाते ती विनोदाच्या रांगडेपणावरून असावी, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तिचे अधिक भक्कम कारण निराळे आहे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये कोंडके यांनी संहितेच्या मोकळ्या जागांत ताज्या घडामोडी भरल्या आणि एकाच नाटकाचे शेकडो प्रयोग ताजे ठेवले. झाडीपट्टीच्या विनोदी नटाची रीत हीच आहे. फरक इतकाच की कोंडके यांनी एका नाटकात जे केले ते झाडीपट्टीच्या नटाला रोज बदलत्या नाटकांत करावे लागते. शिवाय गावागणिक संदर्भ बदलावे लागतात. नट संध्याकाळी गावात पोहोचतो तेव्हा मंडळाच्या पोरांशी चार गप्पा मारतो. त्या गप्पांतूनच रात्रीचा निम्मा विनोद निघतो.

अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’सारखे १९३६ चे शहरी प्रहसनही याच रीतीने झाडीपट्टीत मुरले. ‘लावणी भुलली अभंगाला’सारखी लोकनाट्याच्या वळणाची नाटके तर येथे घरचीच झाली. नवरगावच्या सदानंद बोरकरांसारख्या स्थानिक नाटककारांनी पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्येसारखे विषय याच रंगमंचावर आणले. बाहेरून आलेले आणि येथे पिकलेले, दोन्ही एकाच मंडपात चालतात, एकाच प्रेक्षकापुढे.

काबुकीशी तुलना : कोठे चालते, कोठे नाही

आरंभी काबुकीचा उल्लेख केला तो भेद दाखविण्यासाठी. पण तुलना येथेच थांबविली तर ती झाडीपट्टीवर अन्याय करील आणि जपानवरही. काबुकीचा उगम दरबारात झालेला नाही. १६०३ च्या सुमारास क्योतो येथे ओकुनी नावाच्या स्त्रीने केलेल्या नृत्यांतून तो प्रकार निघाला. १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाली व पुढे पुरुषांनीच स्त्रीभूमिका करण्याची ओन्नागाता परंपरा रूढ झाली. नटांना नदीकाठचे भिकारी म्हणून हिणविले जात असे. सम्राटाने काबुकी पाहिली ती थेट १८८७ मध्ये. म्हणजे प्रतिष्ठा मिळण्यास पावणेतीनशेहून अधिक वर्षे लागली. २००८ मध्ये ती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. घराण्याची भिंतही दिसते तितकी अभेद्य नाही. १९५० मध्ये जन्मलेले पाचवे बांदो तामासाबुरो हे ओन्नागाता नट जन्माने काबुकी घराण्यातले नव्हेत. ते दत्तक गेले, १९६४ मध्ये त्यांनी ते नाव धारण केले आणि २०१२ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला.

झाडीपट्टीचा खरा सोयरा जपानात शोधावयाचा तर टोकियोच्या नाट्यगृहात न जाता खेड्यात जावे लागेल. नागानो प्रांतातील ओशिका या डोंगरी गावात शेतकरी-गावकरी अठराव्या शतकापासून देवळाच्या आवारात काबुकी करीत आले आहेत. अशी ग्रामीण काबुकी जपानच्या अनेक भागांत आहे. तेथे घराणी नाहीत, गाव आहे. पण ओशिकाचे प्रयोग वर्षातून मोजकेच होतात आणि प्रामुख्याने जतनासाठी होतात. झाडीपट्टीत एका हंगामात नट शंभर रात्री उभा राहतो, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे, आणि नाटक पडले तर पुढील वर्षी ते गाव त्या कंपनीला बोलावीत नाही. जतनाचा प्रश्न येथे अद्याप कोणाच्या मनात आलेला नाही. रंगभूमी जिवंत असल्याची ती खूणच होय. धोकाही तेथेच आहे.

सन्मान आणि नोंद

राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते २०२३ मध्ये खुणे यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. त्यांच्या गौरवात रंगभूमीबरोबरच नक्षलग्रस्त भागातील तरुणांच्या पुनर्वसनासाठी केलेल्या कार्याचाही उल्लेख होता. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बाहेरच्या जगाला बंदुकीच्या बातम्यांतून ठाऊक झाला. त्याच जिल्ह्यातील जंगलरस्त्यांवरून रात्री-अपरात्री नाटकाच्या गाड्या फिरत राहिल्या, ही बातमी कधी झाली नाही. जून २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि २०२३ मध्ये हा सन्मान आला. वर्षभराच्या आत झाडीपट्टीचे नाव दोनदा दूरवर पोहोचले.

सन्मान मात्र व्यक्तीला मिळतो, आणि आपण वर पाहिले की येथील परंपरा व्यक्तीच्या घराण्यात नाही. दांजूरोचे नाव उद्या चौदावा नट घेईल व भूमिकांच्या रीती त्याला शिकविल्या जातील. खुणे यांच्या आठशे भूमिका कोण घेणार? नाटकांच्या संहिता आहेत. नियमाप्रमाणे परिनिरीक्षण मंडळाकडे गेलेल्या प्रतीही असतील. परंतु त्या संहितांत तळीराम प्रमाण मराठीच बोलतो. झाडीबोलीतील उत्स्फूर्त संवाद, गावागणिक बदललेल्या कोट्या, प्रेक्षकांतून आलेल्या आरोळीला दिलेले उत्तर यांतले काहीही कागदावर नाही. हल्ली प्रयोगांचे तुकडे मोबाईलवर टिपले जातात. तथापि टिपणाऱ्याचे लक्ष गाण्यावर आणि लावणीवर असते, कारण बक्षिसे व ‘वन्स मोअर’ तेथेच पडतात. विनोदी प्रवेश लांब असतो, तो क्वचितच पूर्ण नोंदला जातो.

हे काम या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे आहे. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून मराठी, समाजशास्त्र व इतिहास या विषयांच्या संशोधकांना झाडीपट्टी हा विषय घरचाच झाला आहे. प्रबंध लिहिले जातात. त्यांतील बहुतेक लेखन नाटककार, नाटके आणि विषय यांच्या सूचींभोवती फिरते, नटाच्या कारागिरीकडे क्वचितच वळते. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ज्येष्ठ विनोदी नटाचे एकच नाटक, एकच भूमिका, एका हंगामात दोन गावी अखंड ध्वनिमुद्रित करावी, एकदा कुरखेड्याकडे, एकदा सिंदेवाहीकडे. मग छापील संहिता व ही दोन मुद्रणे शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडून पाहावी. नटाने कोठे काय घातले, काय गाळले, बोली कोठे बदलली, याची नोंद आपोआप तयार होईल. मुद्रण करताना एक ध्वनिग्राहक प्रेक्षकांच्या दिशेनेही ठेवावा लागेल, कारण निम्मे संवाद तिकडून येतात. हंगाम भाऊबीजेला सुरू होतो, आणि त्या सुमारास महाविद्यालयांना दिवाळीची सुटी असतेच.